लाठीचा आणि गोळीचा हिशेब

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की वऱ्हाडातून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांना मोर्चेकऱ्यांची गर्दी लोटते. अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावती असे करत माणसे चढत जातात. कोणाच्या पिशवीत कापसाच्या भावाचे निवेदन असते, कोणाच्या पिशवीत जातीच्या दाखल्याचे. सीताबर्डीच्या बाजूला आल्यावर या मंडळींना झिरो माइलजवळचे गोवारी स्मारक दिसते. जवळच्या उड्डाणपुलालाही आता आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला तेथे हार चढतात, भाषणे होतात, आयाबाया डोळे पुसतात. स्मारक झाले, पूल झाला, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीही होते. झालेली नाही ती एकच गोष्ट. त्या दिवशी गेलेल्या ११४ जीवांना जबाबदार कोण, याचे उत्तर तीन दशके उलटून गेली तरी कोणी दिलेले नाही.

गोवारी म्हणजे गावाची गुरे राखणारा समाज. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन निघते, ढालीची पूजा होते, तेव्हा गावाला या समाजाची आठवण होते. एरवी ती होत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंडगोवारी' अशी नोंद आहे. आपण गोवारी तेच आहोत, असे या समाजाचे म्हणणे. १९८५ च्या शासन निर्णयाने ते म्हणणे अमान्य झाले आणि सवलतींचे दार लागले. ते उघडावे, एवढीच मागणी घेऊन १९९४ च्या नोव्हेंबरात हजारो गोवारी नागपूरला गेले. बायका होत्या, कडेवर लेकरे होती. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चा अडवला गेला. कोणी मंत्री येईल, निवेदन घेईल, दोन शब्द बोलेल, या आशेवर लोक संध्याकाळपर्यंत ताटकळत राहिले. त्यानंतर गर्दी पुढे सरकली, लाठ्या उगारल्या गेल्या आणि माघारी पळायला वाट उरली नाही. एकशे चौदा माणसे चेंगरून मेली. पाचशेहून अधिक जखमी झाली. मृतांत बायका आणि मुलेच जास्त होती.

त्या दिवशी तेथे एकही गोळी सुटली नव्हती. म्हणूनच या घटनेचा विचार नीट व्हायला हवा. पोलिसांच्या बळाने होणारा मृत्यू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. परंतु हजारोंचा जमाव, त्याच्यापुढे कठडे, मागे दाटी आणि मध्ये लाठी, एवढ्या सामग्रीवरही एका संध्याकाळी शंभरावर माणसे मरतात. वर्तमानपत्रांच्या रकान्यांत 'सौम्य लाठीमार' हा शब्दप्रयोग आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. ज्याच्या डोक्यात लाठी बसते त्याला ती सौम्य वाटत नाही, हा भाग वेगळा. पण दाटलेल्या गर्दीत लाठी किती जोरात मारली, यापेक्षा ती कुठे उभे राहून उगारली आणि पळणाऱ्याला वाट होती की नव्हती, यावर जीव जगणार की जाणार हे ठरते. तो विचार लाठी उचलण्याआधी करायचा असतो, आणि तो करण्याची जबाबदारी रांगेतल्या शिपायाची नसून वरच्यांची असते.

चौकशी झाली, पुढे काय?

चौकशी झाली नाही असे नाही. न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग नेमला गेला. साक्षी झाल्या, अहवाल आला. त्यात पोलिसांवर किंवा शासनावर ठपका आला नाही. तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला होता. पुढे निवडणुकीत सरकार बदलले. १९९५ मध्ये गोवारींचा समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला. मूळ मागणीचे घोडे मात्र न्यायालयात अडले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने कौल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे ज्या कागदासाठी जीव गेले तो कागदही हाती आला नाही, आणि जीव कोणामुळे गेले हेही कळले नाही.

आपल्याकडे आयोग म्हणजे काय, हे वाचकांनी समजून घेतले पाहिजे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोग सत्य शोधतो आणि शिफारस करतो. शिक्षा करीत नाही. सरकारने सहा महिन्यांच्या आत तो अहवाल, केलेल्या कार्यवाहीच्या टिपणासह, सभागृहापुढे ठेवायचा असतो. एवढेच बंधन. अहवाल स्वीकारायचा की नाही, हे ज्याच्या कारभाराची चौकशी झाली तेच सरकार ठरवते. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींबाबत न्या. श्रीकृष्ण आयोगाने सुमारे नऊशे मृत्यूंचा हिशेब मांडला. त्यांतले ३५६ मृत्यू पोलिसांच्या गोळीबारात झाले होते. हा आकडा १९९८ मध्ये सरकारी कागदावर आला. त्या ३५६ गोळ्यांमागे दिलेले हुकूम कोणाचे, याची पडताळणी न्यायालयात किती प्रकरणांत झाली, हे वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावे.

चुकीचा अहवाल हा शेवटचा शब्द असतो, असेही मानण्याचे कारण नाही. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश लष्कराने नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा माणसे मेली. त्याच वर्षी झालेल्या पहिल्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. दुसरा आयोग बसला आणि त्याचा अहवाल २०१० मध्ये आला. तेव्हा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी भर संसदेत, तो गोळीबार समर्थनीय नव्हता असे सांगून देशाच्या वतीने क्षमा मागितली. अडतीस वर्षे लागली, पण सरकारच्या तोंडून ते शब्द आले. गोवारींच्या वाट्याला असे शब्द अजून आलेले नाहीत.

कायदा जुना, संरक्षणही जुने

वऱ्हाडाला पोलिसांच्या गोळ्या नव्या नाहीत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी, चिमूर, यावली, बेनोडा ही नावे रक्ताने लिहिली गेली. यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. आजही यावली आणि बेनोडा या गावांच्या नावापुढे 'शहीद' जोडूनच लोक बोलतात. तेव्हा गोळी झाडणारे सरकार परके होते आणि त्याने मेलेल्यांचा हिशेब द्यावा, अशी अपेक्षाच नव्हती. पण स्वराज्य आल्यावर जमाव पांगवण्याच्या कायद्याची मूळ चौकट मात्र बरीचशी तीच राहिली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या तरतुदी १९७३ च्या संहितेत आल्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४८ ते १५१ म्हणून पुन्हा आल्या. जमावाने पांगण्याचा हुकूम मोडला तर बळ वापरता येते. आणि ते बळ वापरणाऱ्यावर सरकारच्या मंजुरीवाचून खटला भरता येत नाही.

सद्भावनेने कर्तव्य करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण हवे, यात वाद नाही. वाद आहे तो संरक्षणाची किल्ली कोणाकडे असावी याचा. ज्या सरकारच्या हुकमाने पोलीस उभे राहिले, त्याच सरकारने मंजुरी द्यायची, म्हणजे चोराची तक्रार घरच्याच पंचांपुढे नेण्यासारखे झाले. नव्या संहितेने लोकसेवकांवरील खटल्याच्या मंजुरीबाबत १२० दिवसांची मुदत घातली आणि त्या मुदतीत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानावे, अशी सोय कलम २१८ मध्ये केली. हे पाऊल चांगले आहे. हीच मुदत जमावावरील बळाच्या कलमालाही स्पष्ट शब्दांत का नसावी?

'बरे झाले' म्हणण्याआधी

आता थोडे आपल्याबद्दल. कारण दोष सगळा सरकारचा, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. मोर्चातल्या माणसावर लाठी पडली तर आपण हळहळतो. पण एखादा गुन्हेगार चकमकीत मारला गेल्याची बातमी आली की त्याच घरात, त्याच चहाच्या टेबलावर 'बरे झाले, खटल्याचा खर्च वाचला' असे उद्गार निघतात. २०१९ मध्ये हैदराबादेत बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी ठार केले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली होती. नंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद आपल्या विदर्भातल्याच न्या. विकास सिरपूरकर यांच्याकडे होते. त्या आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांची कहाणी अविश्वसनीय ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारस केली. फुले उधळणाऱ्या हातांना हे कळले असेल का?

आपल्या राज्यात बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. त्यातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले, असे सांगितले गेले. तेव्हाही पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने मात्र गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाकडून चौकशीचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते पथक राज्याच्या पोलीस महासंचालकांनी नेमावे, असा बदल केला. योगायोग असा, की बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच खटल्यात चकमकींविषयी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे हा त्या खटल्याचा विषय होता. प्रत्येक चकमकीचा गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, शौर्यपदके आणि बढत्या तातडीने देऊ नयेत, हे सारे तेव्हाच लिहून ठेवले आहे.

बदलापूरच्या आरोपीबद्दल कोणाला कणव वाटावी, असे येथे सुचवायचे नाही. पण त्या लेकरांच्या आईबापांचे काय? मुख्य आरोपीवर खटला चालणे, साक्षी होणे, न्यायाधीशाने कारणे देऊन निकाल सांगणे, हे त्यांचे हक्काचे होते. ती वाट एका गोळीने बंद केली. आणि एकदा पोलिसाने न्यायाधीशाचे काम करायला आपण मान्यता दिली, की पुढचा आरोपी खरा की खोटा, हे विचारण्याचा अधिकारही आपणच सोडून देतो. मुंबईत २००६ मध्ये रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला चकमकीत मारल्याचे सांगितले गेले. त्याच्या वकील भावाने चिकाटी धरली. २०१३ मध्ये ती चकमक बनावट ठरून तेरा पोलिसांसह एकवीस जणांना शिक्षा झाली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने माजी अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरवून जन्मठेप दिली. घरात एक वकील होता आणि त्याने अठरा वर्षे सोडले नाही, म्हणून हे घडले. ज्याच्या घरात वकील नाही त्याचे काय?

परभणीचे प्रकरण तर अगदी अलीकडचे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, हिंसाचार झाला आणि धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाने अनेक जखमांकडे बोट दाखवले. आईने न्यायालयाचे दार ठोठावले, अकोल्याचे माजी खासदार प्रकाश आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. साधा गुन्हा नोंदवण्यासाठी सात महिने आणि देशातले सर्वोच्च न्यायालय! पाकीट मारल्याची तक्रार तासाभरात नोंदली जाते.

खाकीतल्या माणसाची बाजू

पोलिसांची बाजू नाही, असे कोण म्हणेल? १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोलीच्या जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या स्फोटात पंधरा जवान मारले गेले. अधिवेशनाच्या बंदोबस्ताला नागपूरला जाणारा शिपाई आपल्याच गावचा, आपल्याच नात्यागोत्यातला असतो. घरापासून दूर, तासन् तास उभा, वेळेवर जेवण नाही. त्याच्यासमोर चिडलेला जमाव असतो आणि दगड येत असतात. त्या क्षणी काय करावे हे घरी बसून सांगणे सोपे असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दोन दिवस जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, लाठ्या आणि अश्रुधूर वापरावे लागले. पण पोलिसांच्या गोळीने कोणाचा जीव गेला नाही. ही गोष्टही सांगितली पाहिजे. संयम पाळता येतो, याचा पुरावा आपल्याच शहरात आहे.

किंबहुना, जबाबदारी निश्चित करणे हे शिपायाच्याच हिताचे आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या. दहा जण मेले. न्या. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार अनावश्यक ठरवला आणि २००९ मध्ये उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप झाली. उच्च न्यायालयाने ती शिक्षा पुढे स्थगित करून त्यांना जामीन दिला. एवढ्या मोठ्या प्रकरणात कायद्याचा हात उपनिरीक्षकापाशी थांबला. आपल्याकडे जबाबदारी नेहमी अशी उताराला लागते. घटना घडली की खालच्या दोघा-चौघांचे निलंबन होते, बातमी छापून येते, लोक शांत होतात. काही महिन्यांनी निलंबन मागे घेतले जाते आणि त्याची बातमी होत नाही. हुकूम देणारा, बंदोबस्ताचा आराखडा आखणारा, निवेदन घ्यायला न फिरकणारा, यांची नावे कुठल्याच कागदावर येत नाहीत.

मागायचे ते काय?

मागणी फार मोठी नाही. मोर्चावर बळ वापरले गेले तर कोणाच्या हुकमाने, किती वाजता, कोणता इशारा देऊन, याची लेखी नोंद त्याच दिवशी व्हावी आणि ती जनतेला पाहता यावी. मृत्यू झाला तर गुन्हा आपोआप नोंदला जावा. त्यासाठी आईने उच्च न्यायालयात जाऊ नये. तपास त्या ठाण्याच्या, त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे नसावा. पोलीस ठाण्यांत कॅमेरे असावेत असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. ते चालू आहेत की 'बंद पडले होते', याचा जाब ठाणेदाराला विचारला जावा. २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य आणि विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद झाली. अमरावती हा पाच जिल्ह्यांचा विभाग. राजकमल चौकात उभे राहून दहा जणांना विचारावे, की पोलिसांविरुद्धची तक्रार या प्राधिकरणाकडे नेता येते हे माहीत आहे का? कायदा पुस्तकात असून भागत नाही, त्याचा पत्ता लोकांना ठाऊक असावा लागतो.

आणि नागपुरासाठी एक साधी गोष्ट. मोर्चाचे निवेदन ठरलेल्या वेळी ठरलेल्या मंत्र्याने घ्यावे, आणि तो आला नाही तर सभागृहात त्याचे कारण सांगावे. मोर्चा अडवण्याच्या जागी परतीची वाट मोकळी ठेवावी, पाणी आणि डॉक्टर असावेत. या व्यवस्थेला कोट्यवधींचा निधी लागत नाही. १९९४ मध्ये एवढे झाले असते तर लाठी उचलण्याची वेळ बहुधा आलीच नसती.

यातले काही आपल्याही हातात आहे. मुले मोठ्यांचे बोलणे ऐकत असतात. चकमकीच्या बातमीवर आपण काय म्हणतो, लाठीमाराच्या बातमीवर काय म्हणतो, यातून कायदा म्हणजे काय हे ती शिकतात. 'बरे झाले' ऐवजी 'चौकशी कोण करतो आहे?' असे घरातल्या कोणी विचारले, तर ते पोलिसांविरुद्ध बोलणे होत नाही. नेकीने नोकरी करणाऱ्या पोलिसालाही तोच प्रश्न विचारला जायला हवा असतो, कारण त्याच्या वर्दीवरचा डाग दुसऱ्याच्या हाताने लागलेला असतो. येत्या अधिवेशनातही वऱ्हाडातल्या गाड्या भरून नागपूरला जातील. गेलेले सगळे घरी परत यावेत, एवढी हमी सरकारने द्यावी. आणि एखादा परत आला नाही, तर का आला नाही हे त्याच्या आईला, नावानिशी आणि मुदतीत, सांगितले जावे.